अर्ध्या पानाचं उत्तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ह्या लेखापरीक्षण कार्यालयाचे प्रमुख माननीय महादेवराव बोरीकर. भंडाऱ्याहून एसटीनं मुद्दाम आलेल्या आपल्या प्रमुख अतिथी, माजी आमदार माननीय जिजाबाई हटवार. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. नत्थूजी गजभिये, त्यांच्या शेजारी, मिळालेली शाल घडी न मोडता मांडीवर घेऊन बसलेल्या सौ. अंजनाबाई; मनोरंजन मंडळाच्या सचिव कुमारी प्रेमिला चौरागडे; आणि समोर बसलेल्या माझ्या जुन्या-नव्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. प्रेमिलाताईंनी ती लेखी दिली आहेत, म्हणजे त्यात वाढ हवी असेल तर मला पूरक मागणी सादर करावी लागेल. ह्या कार्यालयात चाळीस वर्षांत काहीच बदललेलं नाही हे पाहून मला फार बरं वाटलं. मघाशी चहाच्या वेळी कळलं की नत्थूजींची ही शाल आणायलासुद्धा गांधीबागेतल्या तीन दुकानांतून लेखी दर मागवले होते. सरकारी हिशेब तपासणाऱ्यांनी निदान निरोपाची शाल तरी डोळे मिटून घ्यावी की नाही? पण नाही. सर्वांत कमी दराची घेतली असेल, तर नत्थूजी, आजच तिचं सूत तपासून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी विश्वनाथ पांढरीपांडे. सात वर्षांपूर्वी ह्याच इमारतीतून निवृत्त झालो. त्याआधी नऊ वर्षं मी नत्थूजींचा शाखाधिकारी होतो. शाखाधिकारी होतो असं म्हणतो खरं, पण शाखा कोण चालवत होतं हे मागच्या रांगेत बसलेल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे, आणि ती मंडळी आत्ता हसून राहिली आहेत.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांना सांभाळून घेणारे. मी पुष्कळ आठवून पाहिलं. नत्थूजी मनमिळाऊ नाहीत. हसतमुख तर मुळीच नाहीत. आणि सर्वांना सांभाळून घेणं हा प्रकार त्यांना कधी जमलाच नाही. त्यांनी एकच गोष्ट सांभाळली, आणि ती गोष्ट काय होती हे सांगण्यासाठी मी आज आलो आहे. त्यात माझी थोडी बदनामी होईल. अध्यक्षमहाराजांनी ती होऊ द्यावी.

सन एकोणीसशे चौसष्ट, सप्टेंबर महिना. नत्थूजी तेव्हा अधीक्षक होते. त्यांच्या टेबलावर एका खात्याचा आदेश आला. खात्याचं नाव मी घेत नाही, कारण त्या खात्यातली माणसं आजही माझ्याशी बोलतात. आदेश साधा होता. अर्थसंकल्पात इमारतींच्या मागणीखाली, म्हणजे इमारतींसाठी मागितलेल्या रकमेत, सभागृहानं मुलींच्या एका वसतिगृहासाठी एक लाख नव्वद हजार रुपये मंजूर केले होते. खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी ते नागपुरात बांधायचं होतं. जागेचा कागद अडकला, वर्ष निम्मं सरलं, पैसे पडून राहिले. तेव्हा खात्यानं ठरवलं की हे पैसे त्याच मागणीतल्या दुसऱ्या कामाला वळवावेत. दुसरं काम म्हणजे एक विश्रामगृह. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरणार, मुंबईहून सगळं सरकार नागपुरात उतरणार, त्यांच्यातल्या मोठ्या लोकांची राहण्याची अडचण होते. निदान पायाभरणी तरी अधिवेशनाच्या आधी व्हावी अशी वरून इच्छा होती.

आता वळवावळवी आपल्याला नवी नाही. एका कामाचे उरलेले पैसे त्याच मागणीतल्या दुसऱ्या मंजूर कामाला देण्याचा अधिकार सरकारला आहेच. पण ते विश्रामगृह अर्थसंकल्पात कुठंच नव्हतं. सभागृहानं त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. पैसे शिलकीत असले तरी काम नवं असेल, तर सरकारनं पुन्हा सभागृहापुढं जायचं, निदान शंभर रुपयांची नाममात्र पूरक मागणी मांडायची आणि विचारायचं, करू का? एवढाच तो नियम. नत्थूजींनी आदेशावर आक्षेप लिहिला. पाच ओळी. अक्षर तुम्हाला माहीत आहे, मोत्यासारखं नाही, पण प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून वेगळं.

फाईल माझ्याकडे आली आणि तिच्या पाठोपाठ एक फोन आला. फोनवर कोण होतं तेही मी सांगणार नाही. बोलणं गोड होतं. "पांढरीपांडे, शंभर रुपयांसाठी तुम्ही सरकार अडवणार का? अहो, पैसे सभागृहानं एकदा दिलेलेच आहेत." मला ते पटलं. खरं सांगू? मला ते पटवून घ्यायचं होतं. त्या वर्षी माझ्या बदलीची टांगती तलवार होती आणि मुलाचं मॅट्रिक होतं. मी नत्थूजींना बोलावलं आणि सांगितलं, आक्षेप मागे घ्या.

ते म्हणाले, "काहून साहेब?"

मी म्हणालो, पैसा तोच, मागणी तीच, सरकार तेच. फरक काय पडतो?

नत्थूजी उभेच होते. मी बसा म्हटलं नव्हतं, ही माझी त्या दिवसाची पहिली चूक. ते म्हणाले, "साहेब, मले एक सांगा. अंजनानं पोरीच्या फीचे पैसे माह्याजवळ देल्ले. पोरीची शाळा महिनाभर उशिरा सुरू होते, म्हणून मी त्या पैशाची खाट आणली. खाट काही वाईट वस्तू नाही. घरात लागतेच. पण आणायच्या पयले तिले विचारा लागन का नाही?"

मी म्हणालो, नत्थूजी, ते घर आहे, हे सरकार आहे.

"म्हणूनच तं साहेब. घरी एक बाई विचारते. इथं सारं राज्य विचारून राहिलं."

मी चिडलो. ऐकणाऱ्याला राग तेव्हाच येतो जेव्हा समोरच्याचं बरोबर असतं. मी म्हणालो, मी सांगतो म्हणून आक्षेप काढा. त्यावर हे गृहस्थ अत्यंत नम्रपणे म्हणाले, "लिहून द्या साहेब, लगेच काढतो."

मित्रहो, आपल्या नोकरीत ह्या दोन शब्दांइतकं भयंकर काही नाही. लिहून द्या. तोंडानं मी वाटेल ते सांगू शकत होतो. कागदावर मात्र मला लिहावं लागलं असतं की कोणत्या नियमानं. आणि तसा नियम नव्हता. म्हणून मी लिहिलंही नाही आणि सहीही केली नाही. फाईल खणात ठेवली. म्हटलं, राहू दे पडून, तोवर तिकडं पायाभरणी होईल.

आठव्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक कागद होता. आपल्याकडची हाफ मार्जिनची पद्धत नव्या मंडळींना ठाऊक आहेच, पण जिजाबाईंसाठी आणि अंजनाबाईंसाठी सांगतो. आम्हाला एखाद्या खात्याला शंका विचारायची असते तेव्हा कागदाला मधोमध उभी घडी घालतो. एका अर्ध्यात आमचा प्रश्न. दुसरा अर्धा कोरा, त्यांच्या उत्तरासाठी. कोणावरही ठपका ठेवण्याआधी त्याला बोलायला तेवढीच जागा द्यायची, असा इंग्रजांच्या वेळेपासूनचा रिवाज. खात्यांना असे कागद आम्ही रोज पाठवत होतो. पण आपल्याच शाखाधिकाऱ्याला हाफ मार्जिन पाठवणारा अधीक्षक ह्या इमारतीनं त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. कागद नत्थूजींचा होता. मी तो खिशात कोंबला आणि उत्तर दिलं नाही.

पुढचं फार झटपट झालं. दर सोमवारी अडकलेल्या फायलींची यादी वर जाते, ती नत्थूजीच करायचे. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही, वशिला लावला नाही, वर्तमानपत्रात गेले नाहीत. यादीत एक ओळ लिहिली: अमुक आदेश, शाखाधिकाऱ्यांकडे, दहा दिवस. बस्स. त्या वेळचे मोठे साहेब, मधुसूदन चितळे, यादी खरोखर वाचायचे, ही माझी दुर्दैवाची बाजू. त्यांनी मला बोलावलं, फाईल वाचली, आणि एवढंच म्हणाले, "पांढरीपांडे, ह्यात दहा दिवस विचार करण्यासारखं काय होतं?" आणि आक्षेपावर सही करून तो मुंबईला रवाना केला.

आता ह्यानंतर जे झालं ते सांगताना मला आजही छाती फुगल्यासारखं वाटतं, जरी माझा त्यात काडीचा वाटा नव्हता. सरकार थांबलं. कुणी मोर्चा काढला नव्हता, कोर्टात कुणी गेलं नव्हतं. सिव्हिल लाइन्समधल्या एका अधीक्षकानं पाच ओळी लिहिल्या आणि सरकारला विटेवर वीट ठेवता आली नाही. डिसेंबरात इथंच, नागपुरात, विधानसभेपुढं पूरक मागण्या आल्या आणि त्यात एक होती शंभर रुपयांची.

मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत होतो. समोर प्रेक्षकांच्या गॅलरीत नत्थूजी आणि अंजनाबाई. किरकोळ रजा टाकून आले होते, रीतसर पास काढून. मागणी पुकारली तेव्हा सभागृहात हशा पिकला. एक सन्माननीय सदस्य म्हणाले, शंभरच रुपये आहेत ना, मी खिशातून देतो, पुढचं काम घ्या. तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, हातात कागदसुद्धा नव्हता. जिजाबाई, तुमचं बोलणं मला आजही जसंच्या तसं पाठ आहे, चुकलं तर सांगा. तुम्ही म्हणालात, "अध्यक्ष महाराज, माननीय सदस्यांनी खिशातले शंभर खुशाल द्यावेत, मी त्यांना पावती देते. पण ह्या शंभर रुपयांच्या मागं एक लाख नव्वद हजार लपून बसले आहेत. ते कोणाच्या घरातून आले, तेवढं मंत्रिमहोदयांनी सांगावं."

मग हसणं बंद झालं. त्या शंभर रुपयांवर सव्वादोन तास चर्चा चालली. मंत्री चांगले होते, तेही सांगायला हवं. त्यांनी आदळआपट केली नाही. ते म्हणाले, वसतिगृहाचे पैसे आहेत हे टिपणीत ठळकपणे यायला हवं होतं, ते आलं नाही. सभागृहाच्या भावना लक्षात घेऊन मी ही मागणी मागे घेतो. बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली. मी समोर पाहिलं तर नत्थूजी नेहमीसारखे ताठ बसलेले, आणि अंजनाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. नत्थूजी, त्या दिवशी तुम्ही जिंकलात, आणि तुम्हाला टाळी वाजवायचीही परवानगी नव्हती. प्रेक्षकांना ती नसते. म्हणून ती आज वाजवा, मंडळी.

आभारी आहे.

दिल्लीचा अर्थसंकल्प असो की आपल्या राज्याचा, घटनेनं सगळीकडे एकच बंदोबस्त केला आहे. सरकारनं मागावं, लोकांच्या प्रतिनिधींनी द्यावं, आणि दिलं त्याच कामाला लागलं का, हे तिसऱ्यानंच पाहावं. ज्याच्या हातात किल्ली त्यानंच परवानगी द्यायची आणि त्यानंच तपासायचं, असं झालं की काय होतं ते पुस्तकात वाचायला नको. दोन-तीन वर्षांपूर्वी, आणीबाणीत विचारणं हाच गुन्हा झाला होता तेव्हा, आपण सगळ्यांनी ते पाहिलं आहे. त्या दिवसांतही नत्थूजी रोज साडेदहाला येऊन आक्षेप लिहीत होते, असं मला इथल्या लोकांनी सांगितलं. मी नोकरीत असताना एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्हाला भीती नाही वाटत? ते म्हणाले, "वाटते नं साहेब. पण ज्यांनी घटना लिहिली, त्यांच्या समोर ह्याच गावात उभा राहून मी छप्पन साली दीक्षा घेतली. घरच्या पुस्तकातली ओळ दुसऱ्याले कशी खोडू देऊ?" हे त्यांनी जेवणाचा डबा बांधता बांधता सांगितलं, आणि डबा बांधून कामाला लागले.

प्रेमिलाताईंनी आत्ता मला एक चिठ्ठी पाठवली आहे. "दहा मिनिटं संपली." आणि पाहा, चिठ्ठीला मधोमध घडी आहे, अर्धा भाग माझ्या उत्तरासाठी कोरा आहे. ही कोणाची शिकवण ते सांगायला नको. ताई, उत्तर असं की वक्ता अतिक्रमण मान्य करतो आणि आणखी पाच मिनिटं मागतो. तुम्ही मान हलवलीत, सभागृहाची मंजुरी मिळाली असं मी धरतो.

ह्या प्रेमिलाताईंबद्दल अर्ध्या तासापूर्वीपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं. चहा घेताना मी सहज विचारलं, गाव कोणतं, शिकलात कुठं. म्हणाल्या, उमरेडकडच्या खेड्यातली आहे, कॉलेजची चार वर्षं सरकारी वसतिगृहात होते. कोणत्या? त्यांनी नाव सांगितलं. तेच वसतिगृह. सहासष्ट साली उभं राहिलं. ह्यांची खोली वरच्या मजल्यावर, पूर्वेची. उद्या सकाळपासून नत्थूजींच्या शाखेत त्या अधीक्षक म्हणून बसणार आहेत. चौसष्ट साली माझं चाललं असतं, तर त्या खोलीच्या जागी आज पडीक जमीन असती, आणि भलत्याच ठिकाणी एखादा खानसामा रिकाम्या बंगल्यात गाद्या उन्हात घालत असता.

इथवर सगळं आनंदाचं होतं. आता माझ्या बदनामीकडे येतो.

अधिवेशन संपलं. एप्रिलमध्ये गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली. मी नत्थूजींच्या अहवालात लिहिलं: "कामात चोख, परंतु अडेलतट्टू. वरिष्ठांच्या सूचनांचा आदर करीत नाहीत." हे कोणत्या नियमात बसत होतं? कोणत्याच नाही. मला राग आला होता आणि हातात पेन होतं, इतकंच. त्या एका ओळीनं त्यांची लेखाधिकारीपदाची बढती अडली. एक वर्ष नाही, सहा वर्षं. शेऱ्याची प्रत त्यांना रीतसर मिळाली होती. त्यांनी अपील केलं नाही. रोज मला नमस्कार केला, रोज फाईल आणली, आणि मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या निरोपाला सर्वांत आधी येऊन खुर्च्या लावल्या.

मघाशी मी धीर करून अंजनाबाईंपाशी हा विषय काढला. मला वाटलं, आता बोलणी बसतील. त्या म्हणाल्या, "तुमी त्याहीले अडेलतट्टू लिवलं, ते तं खरंच हाय भाऊजी. मी तीस वर्सांपासून तेच सांगून राहिली. पण सहा वर्स इंदोऱ्याच्या घरावर टीनच राहिले. उन्हाळ्यात लय तापे." एवढंच बोलल्या, आणि मला आणखी एक बिस्किट घ्यायला लावलं.

अहवाल आता बदलता येत नाही. ती बढतीही मागच्या तारखेनं देता येत नाही, मी नियम पाहून आलो आहे. पण एक कागद माझ्याजवळ आहे. पंधरा वर्षं तो माझ्या कपाटात होता. सरकारी कागद घरी नेला म्हणून अध्यक्षमहाराज माझ्यावर आक्षेप घेऊ शकतात. मी वाचतो:

"विश्रामगृहाच्या आदेशावर आक्षेप घेऊ नये, असे शाखाधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले. ही सूचना कोणत्या नियमाखाली आहे ते कृपया कळवावे. उत्तर शेजारच्या जागेत लिहावे. न. ग. गजभिये, अधीक्षक."

शेजारची जागा कोरीच आहे. मंडळानं मला बोलावलं, अध्यक्षांनी आणि प्रमुख अतिथींनी माझी बडबड सोसली, प्रेमिलाताईंनी जादा वेळ दिला, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, ह्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते माझ्या वयावर घाला. एका चुकीची माफी मात्र मी बोलून मागणार नाही. तोंडी गोष्टी नत्थूजी चालवून घेत नाहीत. बोरीकरसाहेब, जरा पेन द्या.

लिहितो, आणि वाचतोही: "आक्षेप मान्य. सूचनेला कोणताही नियम नव्हता. अहवालातला शेरा चुकीचा होता, चूक शाखाधिकाऱ्याची. उत्तरास पंधरा वर्षे विलंब झाला, त्याबद्दल क्षमा असावी. वि. द. पांढरीपांडे."

काय म्हणता नत्थूजी? मंडळी, मागं ऐकू आलं नसेल, मी सांगतो. ते म्हणून राहिले, "साहेब, सहीखाली तारीख टाका."

टाकतो. एकतीस ऑक्टोबर, एकोणीसशे एकोणऐंशी. घ्या, हा कागद आता तुमचा. आणि ह्या वेळी, नत्थूजी, आधी तुम्ही बसा. मी उभा राहतो.